अठरा फुटी बोटीवरचे नेव्हिगेशन दिवे : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमची फायबरची बोट साडेपाच मीटर लांबीची आहे. एरवी ती पुण्यात सोसायटीच्या आवारात ट्रेलरवर उभी असते आणि पावसाळा सरला की ताम्हिणी घाटातून उतरून आम्ही ती राजपुरीच्या खाडीत नेतो. परतताना बऱ्याचदा अंधार पडतो, म्हणून गेल्या ऑक्टोबरात मी तिच्यावर नियमानुसार नेव्हिगेशन दिवे, म्हणजे अंधारात इतरांना बोट आणि तिची दिशा दाखवणारे दिवे, बसवले.

सात मीटरपेक्षा लहान बोटीला एकच पांढरा दिवा पुरतो, असे मला दुकानात सांगण्यात आले. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत ही सवलत आहे, परंतु बोटीचा कमाल वेग सात नॉटपेक्षा (ताशी सात सागरी मैल, म्हणजे सुमारे तेरा किलोमीटर) जास्त नसेल तरच ती लागू होते. चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनावर आमची बोट हा वेग सहज ओलांडते. त्यामुळे डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा असे तीन दिवे लावणे भाग होते. बारा मीटरपेक्षा लहान बोटीचे बाजूचे दिवे किमान एक सागरी मैल आणि पांढरा दिवा दोन सागरी मैल अंतरावरून दिसावा लागतो. गाड्यांच्या सामानाच्या दुकानातील दिवे निम्म्याहून कमी किमतीत मिळत होते आणि त्यांचा उजेडही भरपूर होता, तरीही मी ते नाकारले, कारण त्यांचा प्रकाश कोणत्या कोनापर्यंत पडावा आणि कुठे तुटावा याचा त्यांच्या रचनेत विचारच नसतो. लाल आणि हिरवा दिवा प्रत्येकी नेमक्या समोरून 112.5 अंशांपर्यंतच दिसला पाहिजे. समोरच्या खलाशाला आपली दिशा कळते ती याच मर्यादेमुळे.

दिवे योग्य निवडूनही बसवण्यात मी चुकलो. उभ्या पृष्ठभागासाठी बनवलेले ते दिवे मी नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, जिथे बोटीची बाजू आत वळते, तिथेच स्क्रूने पक्के केले. त्यामुळे दोन्ही दिवे पुढच्या बाजूला फिरले. उजवीकडून पाहणाऱ्यालाही लाल आणि हिरवा एकत्र दिसू लागला, म्हणजे बोट थेट आपल्यावरच येत आहे असा त्याचा समज व्हावा. ही चूक पाण्यावर नव्हे, तर पार्किंगमध्ये उघड झाली. दोरीने काटकोन काढून तो दोनदा निम्मा केला की साडेबावीस अंश मिळतात, आणि ते काटकोनात मिळवले की 112.5 होतात. तशा खडूच्या रेषा आखून धाकट्या भावाने अंधारात बोटीभोवती फेरी मारली. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून सागवानाचा तुकडा आणून मी दोन्ही बाजूंसाठी पाचरी तासल्या आणि त्यांवर दिवे बोटीच्या मध्यरेषेला समांतर बसवले. दिवे लावणाऱ्या प्रत्येकाने ही खडूची चाचणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

पांढरा दिवा बाजूच्या दिव्यांपेक्षा किमान एक मीटर उंच हवा. माझा पहिला दांडा आखूड होता. उभ्या माणसामुळे दिवा मागून झाकला जाई आणि त्याचा उजेड फळ्यांवर पडून सुकाणूवाल्याचे डोळे दिपत. उंच दांडा आणि दिव्याखाली काळी चकती बसवल्यावर दोन्ही त्रास संपले. नांगर टाकल्यावर फक्त पांढरा दिवा ठेवायचा असल्याने त्याचे बटण वेगळे ठेवले आहे.

एलईडीमुळे बॅटरीवर भार जाणवत नाही. वायरिंगने मात्र डिसेंबरातच दगा दिला. साध्या तांब्याच्या तारेचे सांधे खाऱ्या हवेने हिरवे पडले आणि हिरवा दिवा लुकलुकू लागला. मग कथिलाचा मुलामा दिलेली तार टाकली, प्रत्येक सांध्यावर आत गोंद असलेली आकुंचन पावणारी नळी चढवली आणि दिव्यात शिरण्यापूर्वी तार खाली झोकून वर वळवली, म्हणजे पाणी त्या वळणावरच गळून पडते. त्यानंतर मेअखेरपर्यंत एकही दिवा विझला नाही. सागवानाच्या पाचरींवरचे वॉर्निश मात्र उडाले आहे. पुढच्या हंगामाआधी त्या जागी जाड प्लास्टिकच्या पाचरी बसवणार आहे.