एमजीबीतला अग्निशामक आणि त्याचा ब्रॅकेट : अडीच वर्षांचा अनुभव

बाबांची १९७१ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे ब्रिटिश बनावटीची दोन सीटांची उघडी गाडी, आता मी चालवते. तीत सव्वा किलोला थोडा कमी गॅस असलेला अग्निशामक आहे, शेजारच्या सीटसमोर आडवा, अ‍ॅल्युमिनियमच्या क्विक-रिलीज ब्रॅकेटमध्ये. बाटली चांगली आहे, ब्रॅकेट उत्तम आहे. पण ब्रॅकेट आणि गाडी यांच्यामध्ये जी पोलादी पट्टी लागते ती सोबत आली नव्हती, ती मी करून घेतली, आणि तिच्याशिवाय या दोन्हींचा मला काही उपयोग नव्हता. म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहिणार आहे.

आधी आमच्याकडे काय होतं ते सांगते. एक किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक होता आणि तो डिकीत, स्टेपनीच्या मागे ठेवलेला होता. अनेक जुन्या गाड्यांत तो तिथेच असतो, कारण तिथे तो दिसत नाही आणि डॅशबोर्डची शोभा जात नाही.

एमजीबीच्या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणारा पाइप) एकाच बाजूला असतात, कार्बोरेटर वर आणि मॅनिफोल्ड खाली. मध्ये फक्त एक पत्र्याची ढाल. दोन्ही एसयू बनावटीच्या कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरला, म्हणजे पेट्रोल साठतं त्या वाटीला, ओव्हरफ्लोची नळी असते. त्या वाटीत येणारं पेट्रोल रोखणारी सुई अडकून पेट्रोल उतू गेलं तर ते मॅनिफोल्डवर न पडता खाली रस्त्यावर जावं, एवढंच तिचं काम. आमच्या मागच्या कार्बोरेटरची नळी कुठल्याशा जुन्या दुरुस्तीत आखूड कापली गेली होती आणि ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. एके दिवशी सिग्नलला उभी असताना पेट्रोलचा उग्र वास आला, मग बॉनेटच्या मागच्या फटीतून धूर, आणि बघता बघता तिथला रंग फोडासारखा वर आला.

इग्निशन बंद केलं. या गाडीत पेट्रोलचा पंप विजेवर चालतो, त्यामुळे किल्ली फिरवली की पंप थांबतो. त्या दिवशी सगळ्यात मोठं काम त्या एका कृतीने केलं. बाबांना उतरवलं. डिकीची किल्ली त्याच जुडग्यात होती. मी ती कुलपात उलटी घातली, मग सुलटी. स्टेपनीचं आवरण ओढलं, हत्यारांची पिशवी बाजूला टाकली, बाटली काढली, पुढे धावले. बॉनेटचा खटका ओढला, पण बॉनेट पुरतं उघडलं नाही. पहिल्या कडीवर अडकेल एवढंच उचललं, त्या फटीत नळकांडं खुपसलं आणि दांडा दाबून धरला. पुरतं उघडलं असतं तर हवा मिळून भडका वर आला असता. आठेक सेकंदांत बाटली रिकामी झाली आणि आग विझली.

नंतर घरी, शांतपणे, कसलीही भीती नसताना मी तीच सगळी हालचाल घड्याळ लावून केली. एकतीस सेकंद लागले.

त्या पावडरने गाडी वाचवली, हे आधी लिहिते, कारण पुढे तिची तक्रार करणार आहे. एबीसी पावडरमधला मुख्य घटक मोनोअमोनियम फॉस्फेट. ते ओल धरतं आणि ओलीत आम्लधर्मी होतं. गरम धातूवर पडलं की वितळून चिकटतं, आणि कार्बोरेटरसारख्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना खातं. आम्ही दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूमने पावडर ओढून घेतली, खायच्या सोड्याच्या पाण्याने सगळं पुसलं, पुन्हा साध्या पाण्याने पुसलं. तरी चार महिन्यांनी अल्टरनेटरच्या तोंडावर पांढरी खरबरीत बुरशी दिसली. वायरिंगच्या जोडांत शिरलेली पावडर तर अजूनही कुठे कुठे निघते.

म्हणून यावेळी गॅस घेतला, हॅलॉट्रॉन-१. मागे काही उरत नाही. पूर्वी याच कामाला हॅलॉन १२११ वापरत. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर विकसित देशांत त्याचं उत्पादन १९९४ पासून बंद झालं, आणि हॅलॉट्रॉन त्याची जागा घ्यायला आला. हॅलॉनएवढा तो प्रभावी नाही. आणि इथे एक गोष्ट उघड सांगायला हवी, जी विकणारे सहसा पुढे करत नाहीत: माझ्या आकाराच्या हॅलॉट्रॉनच्या बाटलीवर २-बी:सी असं रेटिंग आहे. तेवढ्याच आकाराच्या एबीसी पावडरच्या बाटलीवर १-ए:१०-बी:सी असतं. ए म्हणजे लाकूड-कापडाची आग, बी म्हणजे पेट्रोलसारख्या द्रवाची, सी म्हणजे वीज चालू असलेल्या उपकरणांची. आकडा जितका मोठा तितकी मोठी आग ती बाटली विझवू शकते. म्हणजे स्वच्छतेच्या बदल्यात मी पेट्रोलच्या आगीपुढची बरीच ताकद सोडली आहे. शिवाय गॅस उडून जातो, तापलेलं लोखंड तापलेलंच राहतं, आणि पेट्रोल ठिबकत असेल तर आग पुन्हा धरते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पावडरच ठेवावी, मी त्यांना चूक म्हणणार नाही. मला पटलं, कारण आता बाटली हाताशी आहे आणि आग लहान असतानाच तिथे पोचता येतं. डिकीतच ठेवायची असती तर मी गॅस घेतला नसता.

कार्बन डायऑक्साइडची बाटली बघितली होती. दोन किलो गॅसची बाटली भरली की पाच किलोंच्या वर जाते, आणि उघड्या गाडीत वारा तो गॅस घेऊन जातो. फोम पाण्यावर चालतो, थंडीत गोठतो. दोन्ही सोडले.

बाटलीचा व्हॉल्व्ह धातूचा आहे. हे बघूनच घ्या. २०१७ च्या नोव्हेंबरात किड्डे कंपनीने अमेरिकेत प्लॅस्टिकच्या दांड्याचे सुमारे ३ कोटी ७८ लाख अग्निशामक परत मागवले. त्या सूचनेत २०१४ च्या एका मृत्यूचा उल्लेख आहे: अपघातानंतर मोटार पेटली होती आणि मदतीला आलेल्यांना ते अग्निशामक चालवता आले नाहीत. ते वाचल्यापासून मी प्लॅस्टिकच्या डोक्याची बाटली गाडीत ठेवलेली नाही.

आता ब्रॅकेट. बाटलीसोबत पातळ पत्र्याचा एक आकडा आणि रबरी पट्टा आला होता. तो मी शेजारच्या सीटच्या पायथ्याशी बसवला. तिसऱ्या आठवड्यात एक कुत्रा आडवा आला, मी करकचून ब्रेक लावला, आणि बाटली पट्ट्यातून निसटून बोगद्याच्या (दोन सीटांमधल्या, गिअरबॉक्स झाकणाऱ्या उंचवट्याच्या) कडेवरून घरंगळत माझ्या बाजूला आली. क्लचच्या पेडलखाली जाऊन थांबली. कुत्रा वाचला, आम्हीही. पण जी वस्तू आगीपासून वाचवायला ठेवली तीच पेडलखाली अडकली तर काय, हा विचार मला अनेक दिवस सोडत नव्हता.

एफआयएच्या, म्हणजे मोटारस्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमांत स्पर्धेच्या गाड्यांसाठी लिहिलं आहे की अग्निशामकाची बैठक २५ जी, म्हणजे गुरुत्वाच्या पंचवीस पट, इतका वेग कमी होण्याचा झटका सोसणारी हवी, आणि धातूचे पट्टे, किमान दोन, झटक्यात सुटणारे. माझी भरलेली बाटली काट्यावर २.२ किलो आहे. २५ जी म्हणजे तिची ओढ ५५ किलोंची होते. एक मोठा माणूस त्या पट्ट्याला लोंबकळतो आहे असं समजा. रबराचा पट्टा ते धरणार नाही, हे सांगायला प्रयोगाची गरज नाही. (स्पर्धेसाठी बाटलीही मोठी लागते, पावडर असो वा गॅस, किमान दोन किलो. माझी गाडी ट्रॅकवर जात नाही. तुमची जात असेल तर हे परीक्षण बाजूला ठेवून नियम वाचा.)

नवा ब्रॅकेट दोन तुकड्यांचा आहे. खालचा तुकडा गाडीला पक्का. वरचा तुकडा बाटलीला स्टेनलेसच्या दोन पट्ट्यांनी आवळलेला. दोन्ही एकमेकांत बसतात आणि मधून एक पिन जाते. पिनेची कडी ओढली की बाटली वरच्या तुकड्यासकट हातात येते. पट्टे सोडायचे नाहीत, बकल शोधायचं नाही. काम इतकं नेमकं आहे की अडीच वर्षांत त्यात खडखड आलेली नाही, आणि एमजीबीत खडखड न करणारी वस्तू मला तरी दुसरी माहीत नाही.

तो कशाला बसवायचा, हा खरा प्रश्न होता. डिकीच्या तळाला भोक पाडू नका, त्याच्या खाली लगेच पेट्रोलची टाकी आहे. पुढच्या फरशीला भोक पाडायचं तर आधी गाडीखाली झोपून पेट्रोलची, ब्रेकची नळी आणि बॅटरीची जाड केबल कुठून जाते ते बघा; या गाडीत बॅटरी सीटमागे असल्यामुळे ती केबल पूर्ण लांबी ओलांडून पुढे येते. आणि नुसत्या पत्र्यात मारलेला स्क्रू ५५ किलोंना उपटून निघतो. मला पन्नास वर्षांच्या फरशीत एकही नवं भोक नको होतं, कारण प्रत्येक भोक म्हणजे गंजाला दिलेलं आमंत्रण.

सीट ज्या बोल्टांनी धरलेली असते तेच गाडीतले सगळ्यात भरवशाचे बोल्ट. म्हणून तीन मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी कापून घेतली, शेजारच्या सीटच्या दोन्ही रनरच्या (सीट ज्यांवर पुढे-मागे सरकते त्यांच्या) पुढच्या बोल्टांखाली दाबली आणि पुढे वाकवून तिच्यावर ब्रॅकेट बसवला. पट्टीच्या जाडीएवढे लांब बोल्ट लागले. त्यांचे आटे यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे, आहेत. मिलिमीटरचा बोल्ट जबरदस्तीने फिरवलात तर फरशीतला नट कायमचा जाईल.

पहिल्यांदा बाटलीचं तोंड मी दाराकडे केलं. दिसायला ते छान होतं. मग सीटबेल्ट लावून, डोळे मिटून हात घातला तर हाताला बाटलीचा बुडखा लागला. तोंड बोगद्याकडे फिरवलं, तेव्हा माझा डावा हात आणि शेजारच्याचा उजवा, दोन्ही तिथे पोचायला लागले. मग बाबांना बसवलं. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, बोटांत संधिवात. त्यांना पिनेची कडी मिळेना, कारण ती गालिच्याला टेकली होती आणि बोट आत शिरायला जागा नव्हती. ब्रॅकेट पाव फेरा फिरवला, कडी वर आली. त्यात नायलॉनच्या दोरीचा एक लालभडक फास बांधला, चार बोटं जातील एवढा. "आता सापडलं," बाबा म्हणाले आणि एका ओढीत बाटली मांडीवर घेतली. माझा वेळ आता, सीटबेल्ट सोडून बाहेर येईपर्यंत, सात सेकंद.

तक्रारी आहेत. ब्रॅकेटसोबत आलेले स्क्रू साधे होते, सहाशे किलोमीटरांत दोन सैल झाले. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) घातल्यावर प्रश्न मिटला, पण एवढ्या चांगल्या वस्तूसोबत ते आधीच द्यायला हवे होते. स्टेनलेसच्या पट्ट्यांची टोकं धारदार आहेत. पहिल्याच आठवड्यात बाबांच्या पोटरीला ओरखडा आला. टोकं खाली फिरवून रबराची टोपी घातली. पट्ट्याखालीही रबर घाला, नाहीतर बाटलीचा रंग जातो आणि तिथून गंज सुरू होतो. पिनेच्या स्प्रिंगमध्ये पायाची माती जाते, महिन्यातून एकदा ब्रशने साफ करावी लागते.

बाटलीच्या लेबलवर कमाल तापमान ४९ अंश आहे. उन्हात काळ्या कव्हरखाली उभी केलेली रोडस्टर ते सहज ओलांडेल, म्हणून दिवसभर उन्हात ठेवायची असेल तर मी बाटली काढून सोबत नेते. कडी ओढायची की झालं, त्यामुळे कंटाळा येत नाही, आणि प्रत्येक वेळी आपोआप सराव होतो. दर सहा महिन्यांनी काट्यावर ठेवते, कारण बाटलीवरच्या दाबमापकाची सुई हिरव्या भागात असली तरी गॅस तेवढाच आहे की नाही हे वजनच सांगतं. अजून २.२ किलोच आहे. पावडरची बाटली ठेवत असाल तर तिला महिन्यातून एकदा उलटी करून हलवा, गाडीच्या कंपनांनी पावडर तळाशी दगडासारखी बसते.

आणि ओव्हरफ्लोच्या दोन्ही नळ्या नव्या आहेत, पूर्ण लांबीच्या. पेट्रोलचे रबरी पाइपही इथेनॉल सोसणारे घातले. ते काम बाटलीच्या आधी करा.

एक अडचण उरली आहे. बाटली समोर असल्यामुळे शेजारची सीट पुढे सरकताना शेवटच्या दोन खाचा लागत नाहीत. बाबांना चालतं, पण वहिनी उंचीने लहान आहे, तिचे पाय पुढे टेकत नाहीत आणि वळणावर तिला आधार राहत नाही. पट्टी दोन सेंटिमीटर पुढे वाकवली तर जमेल असं दादाचं मोजमाप सांगतं. पुढच्या महिन्यात सीट काढायचीच आहे, तेव्हा तेही करून बघते.