पदपथावरचा अंक : ‘द बिग इश्यू’चे परीक्षण

‘द बिग इश्यू’ हे ब्रिटनमधील नियतकालिक मुख्यतः पदपथावर किंवा रेल्वे स्थानकाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या विक्रेत्याच्या हातात दिसते. हा विक्रेता बेघर असतो, किंवा डोक्यावर छप्पर असले तरी ते किती दिवस टिकेल या विवंचनेत असतो. तो प्रत्येक अंक छापील किमतीच्या निम्म्या पैशांत स्वतः विकत घेतो व पूर्ण किमतीला विकतो. न खपलेला अंक परत घेतला जात नाही, म्हणून तोटाही त्याचाच. अशा अंकाचे परीक्षण करताना मजकुराइतकाच हा व्यवहारही तपासावा लागतो, कारण ग्राहक पैसे मोजतो ते या दोन्हींसाठी.

न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली निघालेले ‘स्ट्रीट न्यूज’ हे बेघरांनी विकायचे वृत्तपत्र ‘द बॉडी शॉप’ या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचे सहसंस्थापक गॉर्डन रॉडिक यांच्या पाहण्यात आले आणि त्यांनी स्वतः बेघरपण व तुरुंगवास भोगलेल्या जॉन बर्ड यांना सोबत घेऊन १९९१ मध्ये लंडनमध्ये हा उपक्रम सुरू केला. पुढे हॅम्बर्ग, म्युनिक, व्हिएन्ना, सिअ‍ॅटल अशा अनेक शहरांत याच जातीची पत्रे निघाली आणि १९९४ मध्ये त्यांचे आंतरराष्ट्रीय जाळेही उभे राहिले.

विक्रेत्याच्या छातीवर ओळखपत्र असते आणि आचारसंहितेवर त्याने सही केलेली असते. ते ओळखपत्र लावून भीक मागता येत नाही, नशेत विक्री करता येत नाही. हे नियम वरवर जाचक वाटतात, परंतु माझ्या मते या योजनेचा कणा तेच आहेत. त्यांच्यामुळे समोरच्या माणसाला ‘गरजू’ याऐवजी ‘विक्रेता’ म्हणून पाहणे ग्राहकाला भाग पडते. भांडवल गुंतवणे, किती अंक खपतील याचा अंदाज बांधणे, नेहमीचे गिऱ्हाईक जपणे, हे सारे कोणत्याही छोट्या धंद्यात असते तसेच इथेही आहे.

खरी गडबड होते ती ग्राहकाच्या बाजूने. पुष्कळ भले लोक किमतीएवढी नाणी विक्रेत्याच्या हातावर ठेवतात, ‘अंक राहू द्या’ म्हणतात आणि पुढे निघून जातात. हेतू चांगला असतो, आणि विक्रेत्याला तो अंक पुन्हा विकता येतो हेही खरे. पण त्या एका वाक्यासरशी विक्रीची भिक्षा होते. दुकानदाराला पैसे देऊन माल तिथेच टाकून येणारा ग्राहक आपण कधी पाहिला आहे काय? शिवाय अंक न वाचता दिलेल्या पैशाने पोट भरण्यास हातभार लागेल, लोकजागृती होणार नाही, आणि हे पत्र निघाले ते या दोन्ही कामांसाठी.

म्हणूनच अंक वाचनीय असणे हा इथे चैनीचा प्रश्न राहत नाही. मुखपृष्ठावर बहुधा एखादा नामवंत कलावंत असतो आणि त्याच्या मुलाखतीच्या आधाराने घरभाडे, कर्जबाजारीपणा, निवाऱ्यांची टंचाई यांवरचे लेख वाचकापुढे येतात. या झगमगाटावर टीकाही झाली आहे. काही शहरांतील पत्रे अधिक लढाऊ असतात व धोरणांवर थेट बोट ठेवतात. मला स्वतःला तो लढाऊ बाणा अधिक भावतो, पण जो अंक खपत नाही त्याचा भुर्दंड विक्रेत्यालाच पडतो, हे ध्यानात घेतले की मुखपृष्ठाबद्दलची माझी तक्रार बरीच सौम्य होते. ‘माय पिच’ (माझी विक्रीची जागा) हे सदर मात्र कोणीही चुकवू नये. त्यात एखादा विक्रेता आपण कुठे उभे राहतो, इथवर कसे आलो, पुढे काय करायचे आहे, हे स्वतः सांगतो. दारिद्र्याविषयीच्या पुष्कळ लेखनात गरीब माणूस केवळ उदाहरणापुरता येतो, इथे तो बोलतो.

उणिवा गंभीर आहेत. कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास उभे राहूनही मिळकतीची शाश्वती नसते, आणि आजारपणाच्या दिवशी उत्पन्न शून्य. २०२० च्या टाळेबंदीत रस्त्यावरची विक्री बंद करावी लागली, तेव्हा वर्गणी व मोठ्या दुकानांतील विक्रीचा आधार घेऊन विक्रेत्यांना मदत पोचवावी लागली. आता लोकांच्या खिशात सुटे पैसे नसतात, त्यामुळे कार्डावर पैसे घेण्याचे यंत्र विक्रेत्यांना द्यावे लागत आहे. जोखमीचा सगळा भार सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकणारी ही रचना आहे, आणि तिला पर्याय नाही असेही नाही. म्युनिकचे ‘बिस’ हे पत्र आपल्या अनेक विक्रेत्यांना रीतसर कायम नोकरीवर घेते. ब्रिटनच्या संस्थेनेही त्या दिशेने पावले टाकायला हवीत.

एवढे असूनही मी हा अंक घेण्याची शिफारस करतो. वर्गणी सोयीची आहे, पण वाटेवर विक्रेता भेटत असेल तर त्याच्याकडूनच घ्यावा, कारण समोरासमोरच्या विक्रीत निम्मी रक्कम जागच्या जागी त्याची होते. छापील किंमत द्यावी, अंक मागून घ्यावा आणि पुढचा कधी येणार तेही विचारून ठेवावे.