आठ महिने, ११,००० किलोमीटर: १९६६ ची मस्टँग रेस्टोमॉड वापरल्यावर

जो भेटतो तो बॉनेट उघडायला सांगतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "किती हॉर्सपॉवर?" मला त्याला गाडीखाली आडवं होऊन वर बघायला सांगावंसं वाटतं. बघण्यासारखं सगळं तिथे आहे.

गाडी फोर्ड मस्टँग, १९६६ चं फास्टबॅक (छत मागे उतरतं झालेलं) मॉडेल, २८९ घन इंचांचं म्हणजे ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिन. बांधून हातात आली त्याला आठ महिने झाले. रोजच्या कामाला नेली, घाटरस्त्यांवर नेली, भर पावसात चालवली आणि चार वेळा ट्रॅकवर पूर्ण दिवस पळवली. एवढ्या वापरानंतर लिहितोय, कारण गाडी नवी नवी असताना सगळंच छान वाटतं.

रेस्टोमॉड म्हणजे रेस्टोरेशन आणि मॉडिफिकेशन यांचा जोडशब्द: रूप जुनं, यंत्रणा आजची. पण एवढ्या सैल व्याख्येत मोठी चाकं आणि झगझगीत रंग मारलेली कुठलीही जुनी गाडी बसते. माझ्या अनुभवातून माझी व्याख्या वेगळी झाली आहे. एक भाग बदलला की तो पुढच्या कमकुवत भागाकडे बोट दाखवतो. हे बोट दाखवणं जिथे थांबतं, तिथे गाडी तयार होते. माझ्या गाडीचं अजून पूर्ण थांबलेलं नाही.

सुरुवात टायरपासून झाली. ही गाडी कारखान्यातून ६.९५-१४ मापाच्या बायस-प्लाय (तिरक्या धाग्यांच्या, जुन्या पद्धतीच्या) टायरवर यायची आणि चाकांचे कोन त्याच टायरसाठी ठरवलेले होते: कॅस्टर (स्टिअरिंगचा अक्ष पुढे-मागे किती झुकलाय) जवळपास शून्य, कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत-बाहेर किती झुकलाय) किंचित बाहेरच्या बाजूला. मी चारही चाकांना २२५/५०-१६ चे आजच्या पद्धतीचे रेडियल टायर घातले आणि पहिले दोन दिवस जुन्याच अलाइनमेंटवर चालवले. पकड वाढली होती, पण सरळ रस्त्यावर स्टिअरिंगला मध्य सापडत नव्हता. रस्त्यावरची प्रत्येक चाकोरी गाडीला आपल्याकडे ओढायची. मग जुळवून घेता येणारे स्ट्रट रॉड लावले, कॅस्टर चार अंश केला, कॅम्बर एक अंश आत घेतला. त्या संध्याकाळी वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग हातातल्या हातात आपोआप सरळ होत आलं, आणि ही आता वेगळी गाडी आहे हे तिथे कळलं. हॉर्सपॉवर तेव्हा एकही वाढलेली नव्हती.

पकड आली तशी गाडी वळणात जास्त कलायला लागली आणि पुढच्या सस्पेन्शनची मूळ चूक उघडी पडली. जुन्या मस्टँगमध्ये गाडी बाहेर कलते तेव्हा बाहेरचं चाकही तिच्याबरोबर बाहेर कलतं, टायर आपल्या कडेवर उभा राहतो आणि गाडी नाक घेऊन सरळ घसरते. यावरचा उपाय साठ वर्षं जुना आहे. फोर्डचे अभियंते क्लाउस आर्निंग यांनी तो काढला आणि मस्टँगवरूनच बनवलेल्या १९६५ च्या शेल्बी जीटी३५० मध्ये तो वापरला गेला: चाकाला वरून धरणारा कंट्रोल आर्म जिथे बसतो ती भोकं एक इंच खाली पाडायची. बस्स. दोन्ही बाजू मिळून चार भोकं. आता स्प्रिंग दबली की चाक वरच्या बाजूने आत झुकतं आणि टायरचा पूर्ण पट्टा रस्त्याला लागून राहतो. गाडी कलतेही कमी. या सगळ्या कामात कमी खर्चात इतका फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही. जो कोणी जुन्या मस्टँगवर पैसे घालायला निघाला असेल त्याने ड्रिल आणि योग्य टेम्प्लेटपासून सुरुवात करावी, हे मी अगदी मनापासून सांगतो.

मग बोट वळलं ते बॉडीकडे. या गाडीला वेगळी चेसिस नाही. पुढचे रेल आणि मागचे रेल मधल्या पत्र्याच्या फ्लोअरने जोडलेले आहेत, आणि पत्रा पिळतो. काम करण्याआधी एका बाजूला जॅक लावला की त्या बाजूचं दार नीट बंद व्हायचं नाही. म्हणजे अख्खी गाडीच एक पाचवी स्प्रिंग होती, आणि तिला शॉक अब्सॉर्बर नव्हता. फ्लोअरखालून पुढच्या-मागच्या रेलना जोडणाऱ्या पोलादी सबफ्रेम कनेक्टरचं वेल्डिंग केलं. इंजिनबेमध्ये दोन्ही शॉक टॉवर (पुढच्या सस्पेन्शनला वरून धरणारे पत्र्याचे खांब) एकमेकांना जोडणारा आडवा बार आणि ते फायरवॉलशी, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याशी, बांधणारा ब्रेस लावला. आज जॅकवर असतानाही दार एका बोटाने लागतं. खड्ड्यातून जाताना डॅशबोर्डचा खडखडाट गेला, आणि महत्त्वाचं म्हणजे शॉक अब्सॉर्बरच्या कडकपणाच्या बटणात दोन क्लिकचा बदल केला तरी तो चालवताना जाणवतो. आधी चार क्लिक फिरवले तरी पत्ता लागायचा नाही.

मागे मी पाट्यांच्या स्प्रिंगाच ठेवल्या. चांगले नवे पाटे, एक्सल आडवा हलू नये म्हणून पॅनहार्ड रॉड आणि लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एकच चाक नुसतं फिरत राहू न देणारं. स्वतंत्र मागच्या सस्पेन्शनचे किट मिळतात, पण मला त्याची उणीव भासलेली नाही.

ब्रेकवर मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे त्रास झाला. १९६६ च्या गाडीत मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकच्या नळ्यांत दाब तयार करणारा भाग) एकच सर्किटचा असतो. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. ही एक गोष्ट बदलल्याशिवाय जुनी गाडी वेगात चालवू नये, असं माझं ठाम मत आहे. मी पुढे-मागे डिस्क आणि दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर मागवला. पहिल्याच महिन्यात मागची चाकं हात लावता येणार नाही इतकी तापायला लागली. सरळ रस्त्यावर गिअर काढला की गाडी ओढल्यासारखी लवकर थांबायची. वर्कशॉपने दोनदा कॅलिपर उघडले, पार्किंग ब्रेकची केबल सैल केली, पुन्हा तेच. शेवटी मीच सिलिंडर काढून बघितला. तो ड्रम ब्रेकच्या गाडीसाठीचा होता. ड्रमच्या लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय दाब कायम धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. ड्रमला तो चालतो, कारण त्यांच्या परतीच्या स्प्रिंगा दमदार असतात. डिस्कला तशा स्प्रिंगा नसतात, त्यामुळे तोच दाब पॅडना डिस्कवर घासत ठेवतो. व्हॉल्व्ह काढल्यावर दहा मिनिटांत प्रश्न संपला, पण तोवर पॅडचा एक जोड जळून गेला होता. वेगवेगळ्या ठिकाणचे चांगले भाग आणून जोडले की ते आपोआप एकमेकांशी बोलतील, असं कुणी धरून चालू नये.

ब्रेक फ्लुइडही बघा. डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०. पण फ्लुइड हवेतली ओल पीत राहतं आणि हे आकडे खाली येत जातात. ट्रॅकच्या प्रत्येक दिवसाआधी मी लाइन ब्लीड करतो, म्हणजे जुनं फ्लुइड आणि हवा काढून टाकतो. ब्रेकला बूस्टर (पायाचा जोर वाढवणारं साधन) मुद्दाम नाही. पेडल जड आहे, पण चाक अडकण्याच्या किती जवळ आहे ते पायाला कळतं. एबीएस नसताना तेवढाच आधार असतो, आणि पावसात तो पुरत नाही. ओल्या रस्त्यावर मी सरळ वेग कमी ठेवतो.

आता इंजिन. मूळ आकडा २०० हॉर्सपॉवर, आणि तोही ग्रॉस. त्या काळी अमेरिकेत इंजिन उघड्या एक्झॉस्टवर, बाकीची उपकरणं न जोडता मोजायचे. गाडीत बसवल्यावरचे नेट आकडे तिथे १९७२ पासून आले. फोर्डचं आजचं ५.० लिटर व्ही-८ घालावं असं सगळ्यांनी सुचवलं. ते इंजिन उत्तमच आहे, पण त्याची दोन्ही डोकी (सिलिंडर हेड) रुंद आहेत. ते बसवायचं तर शॉक टॉवर कापावे लागतात. टॉवर गेले की वर लिहिलेलं पुढचं सगळं सस्पेन्शन गेलं, आणि मग समोरचा अर्धा भाग नव्याने बांधायचा. तो मार्ग चुकीचा नाही, पण ती वेगळी गाडी होते. मी २८९ च ठेवलं. डोकी अॅल्युमिनियमची, कॅमशाफ्ट बेताचा, कार्ब्युरेटरच्या जागी थ्रॉटल-बॉडी फ्युएल इंजेक्शन. सव्वा टनाच्या आसपासच्या गाडीला ताकद पुरते आणि पुढच्या चाकांवरचं ओझंही वाढलं नाही, उलट थोडं उतरलं. सकाळी थंडीत चावी फिरवली की पहिल्या फेरीत सुरू होते, ज्यासाठी आधी पाच मिनिटं आर्जव करावं लागायचं.

इंजिनपेक्षा जास्त समाधान टी-५ या पाच गिअरच्या गिअरबॉक्सने दिलं. पाचवा गिअर ०.६८ चा. ३.५५ गुणोत्तराच्या एक्सलवर ताशी १०० किलोमीटरला चौथ्यात इंजिन ३,००० च्या जवळ फिरतं, पाचव्यात २,००० च्या जरा वर. लांबच्या प्रवासात कानाला आणि पेट्रोलला जो आराम मिळतो, तो कुठल्याही तक्त्यात दिसणार नाही.

सुरक्षिततेकडे या छंदात फार कमी लक्ष दिलं जातं, याचं मला वाईट वाटतं. या वर्षाच्या मस्टँगचा स्टिअरिंग कॉलम टकरीत दबत नाही, तो भाल्यासारखा चालकाच्या छातीकडे येतो. पेट्रोलची टाकी हाच डिकीचा तळ आहे, आणि टाकी व मागची सीट यांच्यामध्ये पुठ्ठा आणि कापड. मी दबणारा कॉलम, तीन बिंदूंचे सीट बेल्ट, डोक्याला आधार असलेल्या सीट आणि मागच्या सीटमागे पोलादी पत्रा बसवला. यातलं काहीही फोटोत दिसत नाही. तरी आजच्या गाडीइतकी ही सुरक्षित नाही आणि होणारही नाही, हे घरच्यांना बसवताना माझ्या लक्षात असतं.

तक्रारी आहेत. गर्दीत रखडलं की पायाशी फायरवॉलमधून उष्णता येते. मोठा अॅल्युमिनियम रेडिएटर आणि विजेचा पंखा इंजिन थंड ठेवतात, चालकाला नाही. विंडस्क्रीनखालच्या काउलमधून पाणी गळणं हा या गाड्यांचा जुना आजार, तो वेल्डिंग करून बंद केला तरी एका कोपऱ्यातून अजून थेंब येतो. सस्पेन्शनच्या सांध्यांत जाड रबराऐवजी कडक बुश लावल्याने ओबडधोबड रस्त्यावर दोन तासांनी पाठ बोलते.

आणि एक विनंती. असं काम साध्या गाडीवर करा. २७१ हॉर्सपॉवरच्या के-कोड इंजिनाची, इंजिन आणि बॉडीचे मूळ नंबर जुळणारी गाडी हाताला लागली तर तिच्या पत्र्याला ड्रिल लावू नका. माझी गाडी साध्या दोन-बॅरल कार्ब्युरेटरची होती, तिचा मूळ गिअरबॉक्स कधीच हरवलेला होता, म्हणून मन धजावलं.

अजून बोट दाखवतेय ती टाकी. मूळ टाकीत पेट्रोल अडवणारे आडवे पडदे नाहीत. १९६६ मध्ये त्याची गरजही नव्हती, त्या टायरवर गाडी इतक्या जोरात वळायचीच नाही. आता वळते, आणि टाकी पाव भरलेली असताना लांबलचक उजव्या वळणात पेट्रोल एका कडेला जातं, पंप हवा ओढतो आणि इंजिन अर्धा सेकंद गप्प होतं. शेवटच्या ट्रॅकच्या दिवशी दोनदा झालं. पडदे आणि आत बुडालेला पंप असलेली टाकी मागवली आहे. ती बसेपर्यंत काटा अर्ध्याखाली जाऊ देत नाही.