लेबल छपाईची ऑनलाइन सेवा: फाइलची तपासणी चोख, मराठी अक्षरांची मात्र नाही

कुडाळजवळ आमच्या घरी तयार होणाऱ्या कोकम आगळाच्या बाटल्यांसाठी गेल्या वर्षभरात आम्ही एका ऑनलाइन छपाई सेवेकडून दोनदा लेबले करून घेतली. छपाई उत्तम आहे, दरही वाजवी आहेत, आणि ग्राहकाने पाठवलेल्या फाइलकडे ही मंडळी बारकाईने पाहतात. तरीही पहिल्या खेपेची पाचशे लेबले आम्हाला रद्दीत टाकावी लागली.

आधी त्यांच्या जमेच्या बाजूविषयी. आमचे लेबल ९० बाय ६० मिलिमीटरचे होते आणि फाइलही नेमकी तेवढीच होती. कटिंगमध्ये पाते केसभर सरकले तरी कडेला पांढरी रेघ दिसू नये, यासाठी पार्श्वभूमीचा रंग चारही बाजूंनी दोन मिलिमीटर बाहेर वाढवून ९४ बाय ६४ची फाइल द्या, आणि मजकूर कडेपासून तीन मिलिमीटर आत ठेवा, असे त्यांनी आकृती काढून कळवले. व्हॉट्सॲपवरून आलेला कोकम फळाचा फोटो छपाईत फुटेल, हेही त्यांनीच सांगितले. प्रत्यक्ष आकाराला ३०० डीपीआय (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) हवे असेल, तर ९४ मिलिमीटर रुंदीसाठी सुमारे ११०० पिक्सेल लागतात आणि आमच्याकडे त्याच्या निम्मेही नव्हते. सर्वांत मोलाची सूचना बारकोडची होती. दिसायला शोभतो म्हणून आम्ही तो कोकमी लाल रंगात केला होता. परंतु बहुतेक स्कॅनरचा प्रकाश लाल असल्यामुळे लाल रेघा त्याला पांढऱ्या कागदासारख्याच भासतात. तो बारकोड तसाच छापला गेला असता, तर दुकानदाराने माल परत पाठवला असता.

घोळ झाला तो मराठी मजकुरात. आम्ही फाइल कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दिली, पण अक्षरे कर्व्ह केली नव्हती, म्हणजे त्यांचे रेषाचित्रात रूपांतर केले नव्हते. त्यांच्याकडे ती जुन्या आवृत्तीत उघडली गेली आणि युनिकोड मजकूर विस्कटला. ‘निव्वळ’मधली वेलांटी ‘न’च्या आधी यायची, ती नंतर येऊन पुढच्या ‘व’ला चिकटली आणि जोडाक्षरातल्या पहिल्या ‘व’चा पाय मोडका दिसू लागला, ‘सिंधुदुर्ग’मधला रफार ‘ग’वरून उतरून सुटा ‘र’ झाला. तपासणी अहवालात रंग, आकार, रिझोल्यूशन या सगळ्यांपुढे ‘ठीक’ असे लिहिलेले होते. छपाईआधी मंजुरीसाठी पाठवतात ते प्रूफही आले होते आणि ते मी मोबाइलच्या पडद्यावर, बाजारात उभ्या उभ्या, मंजूर केले. त्यामुळे चूक निम्मी माझी आहे, हे मान्य करायला हवे. मात्र महाराष्ट्रातल्या ग्राहकांसाठी रोज काम करणाऱ्या छापखान्यात मराठी वाचणारे एक माणूस अंतिम प्रूफवर नजर टाकत नसेल, तर ती उणीव त्यांचीच. तक्रार केल्यावर त्यांनी फेरछपाईचा निम्मा खर्च सोसला, वाद घातला नाही.

दुसऱ्या खेपेला अक्षरे कर्व्ह करून पीडीएफ पाठवली आणि मजकूर नंतर बदलता यावा म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवली, कारण एकदा कर्व्ह केलेले अक्षर हे फक्त चित्र उरते. बारीक मजकूर चार रंगांच्या मिश्रणाऐवजी निव्वळ काळ्या शाईत ठेवला; चारही रंग तंतोतंत एकमेकांवर बसले नाहीत, तर लहान अक्षरांना रंगीत सावली येते. क्रोमो या गुळगुळीत कागदाऐवजी त्यांच्या सल्ल्याने पीपी (पॉलिप्रॉपिलीन) हे प्लॅस्टिकचे लेबल घेतले. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटला तरी ते फुगत नाही. एक तक्रार उरतेच: स्क्रीनवर झळाळणारा कोकमी रंग छपाईत किंचित विटकरी येतो. पडद्यावरच्या आरजीबी रंगांतून छपाईच्या सीएमवायके या चार शायांमध्ये जाताना असे होणारच, पण याची कल्पना ऑर्डर घेतानाच दिली असती तर बरे झाले असते. छापील नमुना मागितल्यास ते वेगळे पैसे घेऊन पाठवतात. तिसऱ्या ऑर्डरला तो मागवणार आहे आणि घरातल्या मोठ्या माणसांकडून चष्मा लावून वाचून घेणार आहे.