पन्हाळ्याकडं की राधानगरीकडं? तंबूतल्या मुक्कामाआधी हे बघा

पुण्याहून बहिणीचा फोन आला, की मला विषय आधीच कळतो. "दोन दिवस कुठंतरी शांत राहायचंय. हॉटेल नको, तंबू असला तर पोरं खूश होतील. पण सासूबाईंचे गुडघे दुखतात, तेवढं बघ." कोल्हापूरच्या आसपास आता शेतात, धरणाकाठी, डोंगरउतारावर राहण्याची सोय असलेले सजवलेले तंबू बरेच झालेत. फोटो सगळ्यांचेच देखणे असतात. त्यामुळं तंबू निवडण्याआधी, सोबत कोण आहे आणि महिना कुठला, एवढं ठरवा. निम्मा प्रश्न तिथंच सुटतो.

पन्हाळा कोल्हापूर शहरापासून जेमतेम वीस किलोमीटर. म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर ही बाजू माझ्या मते पहिली. रात्री पोराला ताप चढला, तर पाऊण तासात कोल्हापुरातल्या दवाखान्यात पोचता येतं. पण मुक्काम गडावर नको. 2025 मध्ये पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला, आणि रविवारी तिथं गर्दी तर आधीपासूनच असते. गडाच्या मागं, मसाई पठाराच्या अंगाला, खालच्या गावांतल्या शेतांवर राहावं. सकाळी लवकर गडावर जाऊन तीन दरवाजा आणि अंबरखाना बघावा, झुणका-भाकरी खाऊन उन्हं तापायच्या आत परत यावं. सप्टेंबरमध्ये पठारावर फुलं येतात. तेव्हा वाटेवरूनच चालावं, फुलांत बसून फोटो काढू नयेत. उणं म्हणाल तर वारा. उघड्या माळावरच्या तंबूचं कापड रात्रभर फडफडतं आणि झोप सावध असणाऱ्याला जाग येत राहते. मागं झाडं किंवा बांध असलेली जागा मागून घ्या. शिवाय अंधार पडला की शहराचे दिवे लांबवर दिसतात. मुलांना ते आवडतं, पण चांदण्या बघायला आलेल्याचा विरस होतो.

दोघंच जाणार असाल, तर मी राधानगरीच म्हणेन. पन्नासेक किलोमीटरची वाट, बराच वेळ दोन्ही बाजूंना ऊस. थंडीत एखादं गुऱ्हाळ चालू दिसलं तर थांबाच. काहिलीतली गरम काकवी बोटावर घेऊन चाखण्यातलं सुख बाटलीतल्या काकवीत नाही. पुढं राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण, त्याचे ते सात स्वयंचलित दरवाजे, आणि पलीकडं जंगल. रात्र इथं खरोखर काळी असते. मे संपता संपता, पहिल्या पावसाच्या तोंडावर, झाडंच्या झाडं काजव्यांनी एका लयीत उजळतात. तेव्हा मोबाईलचा टॉर्च आणि गाडीचे दिवे बंद ठेवा, उजेडानं काजव्यांची लय बिघडते. दाजीपूर आणखी पुढं आहे. तिथं गवे दिसतात, नशीब असेल तर शेकरूही. पावसाळ्यात मात्र जंगल पर्यटकांना बंद असतं आणि बाहेरच्या वाटांवर जळवा असतात. फोनला रेंज कुठं मिळते, कुठं नाही. दोघांना ते बरंच वाटेल, घरी आजारी माणूस असेल तर नाही.

गगनबावड्याबद्दल दरवेळी विचारणा होते. धुकं, करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट, गगनगड, सगळं सुंदर. पण जुलै-ऑगस्टमधला तिथला पाऊस तंबूचा नव्हे, पक्क्या कौलारू घराचा आहे. आंबा घाट चालणाऱ्यांसाठी: विशाळगड, पावनखिंड, जंगलवाटा. सासूबाईंना घेऊन नको.

आता तंबूचं. कापडी तंबू श्वास घेतो, म्हणून उन्हाळ्यात तो बरा. प्लॅस्टिकच्या पडद्याचा पारदर्शक घुमट फोटोत सगळ्यात देखणा, आणि एप्रिलच्या दुपारी आत बसवत नाही. थंडीत त्याची दुसरीच तऱ्हा. एका डिसेंबरात आम्ही अशाच घुमटात राहिलो. पहाटे कपाळावर थेंब पडला म्हणून जाग आली. वर पाहिलं तर आतल्या बाजूनं सगळीकडं दव साचलेलं, आमच्याच श्वासाची वाफ, एकेक थेंब घरंगळत गादीच्या कडेला उतरत होता. धाकटीची गोधडी कोपऱ्यात ओली झाली होती आणि ती तशीच कुडकुडत झोपलेली. मालकाला विचारलं तर म्हणाला, "झरोके उघडे ठेवायचे असतात." हे आदल्या रात्री सांगायला काय झालं होतं? तेव्हापासून झरोके आहेत का, हे मी आधी विचारते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे संडास. आतला फोटो मागण्याऐवजी संडासाचा मागा. तंबूला जोडून आहे की पन्नास पावलं चालायचंय, कमोड आहे का, वाटेत दिवा आहे का? दाराला चेन असेल आणि उंबरठा वर असेल, तर गुडघेदुखीच्या माणसाला रात्री दोनदा वाकून बाहेर पडणं ही शिक्षाच. आणखी एक, रात्री गाणी कितीपर्यंत चालतात हेही विचारा. शेजारच्या तंबूतल्या स्पीकरपुढं कुठल्याच रानाची शांतता टिकत नाही.

जेवणाचं सांगायला नकोच, तांबडा-पांढरा रस्सा दोन्हीकडं मिळतो. फक्त मुलांसाठी पांढराही बेतानं तिखट करायला आदल्या दिवशीच कळवा.

बहिणीनं शेवटी नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा धरलाय, मसाईच्या बाजूला, मंगळवार-बुधवार. सासूबाईंसाठी तंबू नको, त्याच शेतातली मातीची खोली घे, असं मी सांगितलंय. पोरं तंबूत झोपतील, आजी अंगणात शेकोटीपाशी बसेल. घोंगडी मी इथूनच देणार आहे.