पहिली नोकरी: डीपीची की ईसीची?

टाउन प्लॅनिंगची पदवी हातात आली की पुण्या-मुंबईत पहिली ऑफर बहुधा दोनपैकी एका ठिकाणची येते. एक, नगरपरिषदांच्या विकास योजनांचं, म्हणजे डीपीचं, सर्व्हे-नकाशांचं काम घेणारी फर्म. दुसरी, बिल्डरांना पर्यावरण मंजुरी, म्हणजे ईसी, काढून देणारी. मी दोन्हीकडे काम केलंय.

पैशांचं आधी बोलू. ईसीवाल्यांकडे पगार बरा आणि वेळेवर. केंद्राच्या 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे बांधकाम 20,000 चौरस मीटरच्या वर गेलं की मंजुरी लागते, त्यामुळे कामाला तोटा नाही. डीपी फर्मची बिलं नगरपरिषदेत अडकतात, मग आपला पगारही अडकतो. घरभाडं भरायचं असेल तर हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका.

तरी मी ईसी सोडली ती सहामाहीमुळे. मंजुरीपत्रातल्या अटी पाळल्या का, याचा अहवाल दर 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो. तो ज्युनिअरच्याच गळ्यात पडतो. डावीकडे अट, उजवीकडे उत्तर: 'कम्प्लाइड', 'विल बी कम्प्लाइड', 'नोटेड'. कधी न पाहिलेल्या साइटचे तक्ते मी भरत बसायचो. हरित पट्ट्याचा फोटो मागवला की मागल्या वेळचाच यायचा. तीच निळी टाकी, तेच कोपऱ्यातलं पालथं घमेलं. सहा महिन्यांत ना रोप बोटभर वाढलं, ना घमेलं हललं. साहेब म्हणायचे, "लाव रे तोच, कोण बघतंय?" खरंच कोणी बघत नव्हतं, आणि मला सलायचं तेच.

सगळ्या फर्म अशा नसतीलही. खाणी, कारखान्यांचं ईआयए, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास, करणारे मित्र सांगतात की तिकडे जनसुनावणी असते, हवा-पाण्याचे नमुने असतात, शिकायला भरपूर मिळतं. पण इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे, आणि शहरातल्या फर्मकडे कामं मुख्यतः इमारतींचीच. त्यामुळे प्रकल्पाच्या जागी राहणारा माणूस आपल्याला भेटतच नाही.

डीपीत तो पहिल्याच दिवशी भेटतो. विद्यमान जमीन वापराच्या सर्व्हेला भर उन्हात गट नंबर शोधत फिरायचं. नकाशात ओढा असतो आणि जागेवर गाळे उभे असतात. बांधावरचे काका चहा पाजून हळूच विचारतात, "आमच्या गटातनं रस्ता जातोय का हो?" सांगता तर येत नाही, पण संध्याकाळी संगणकावर, कॅडमध्ये, नकाशाची रेघ ओढताना ते काका आठवतात. पुढे एमआरटीपीच्या, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या, कलम 26 खाली योजनेचं प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती येतात, नियोजन समितीपुढे सुनावण्या होतात. आपल्या 18 मीटरच्या रस्त्यात कुणाची विहीर गेली, हे तो माणूस तोंडावर सांगतो.

वैताग इथेही आहेच. प्रारूपं लटकतात. मुंबईचंच बघा, 2015 चं प्रारूप मोडीत काढून नव्यानं करावं लागलं आणि मंजुरीला 2018 उजाडलं.

घरचे हप्ते डोक्यावर असतील तर खुशाल ईसीत जा. फक्त मुलाखतीत विचारून घ्या, साइटवर कोण जातं. डीपी फर्मला विचारा, काम कुठल्या टप्प्यावर आहे. सर्व्हे नुकताच सुरू होणार असेल, तर पगार थोडा कमी असला तरी मी हो म्हणेन.