मिरजेतलं ‘वन हेल्थ’ प्रशिक्षण : फी भरण्याआधी बॅचमध्ये कोण कोण आहे ते विचारा

फी साडेतीन हजार, जेवण त्यांचं, राहण्याची सोय आपली. वर्ग शनिवार-रविवारी. मधे एक दिवस गोठ्यावर आणि शेवटी पुराचा सराव. माणसाचं, जनावराचं आणि भोवतालचं आरोग्य एकत्र बघायला शिकवणारं हे प्रशिक्षण मी यंदा मिरजेत केलं. पैसे वसूल झाले का, असं बरेच जण फोन करून विचारताहेत म्हणून लिहितोय. झाले. पण जाहिरातीत जे मोठ्या अक्षरात छापलं होतं त्यामुळं नाही झाले.

आयोजकांचं नाव टाकत नाही. बॅच लहान होती, नाव टाकलं की कोण काय बोललं ते लगेच ओळखू येईल, आणि त्यातले निम्मे सरकारी नोकरीत आहेत.

मी आटपाडी तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. गावात सगळे डॉक्टर म्हणतात, पगाराच्या चिठ्ठीवर तसं काही नसतं. आमच्या बॅचमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्राचे दोन एमओ (वैद्यकीय अधिकारी) होते, आरोग्य सहायक होते, खासगी प्रॅक्टिस करणारे पशुवैद्य होते, लॅबमधल्या एक ताई होत्या, डेअरीच्या संकलन केंद्रावरचा एक जण होता आणि शिराळ्याकडचे एक वनरक्षक होते. ही यादी लक्षात ठेवा.

व्याख्यानांबद्दल फार लिहीत नाही. प्रत्येक वक्त्याच्या पहिल्या स्लाइडवर तेच : माणसाला होणाऱ्या माहीत असलेल्या संसर्गजन्य रोगांपैकी सुमारे ६० टक्के जनावरांशी जोडलेले आहेत आणि नव्यानं उद्भवणाऱ्यांपैकी ७५ टक्के. दुसऱ्या दिवशी एका वक्त्यानं ‘साठ’ म्हटल्याबरोबर मागच्या रांगेतून ‘पंच्याहत्तर’ असा आवाज आला. मग नागपूरच्या राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी (११ डिसेंबर २०२२), चार जागतिक संघटनांची बोधचिन्हं, एकात एक गुंतलेली तीन वर्तुळं. ही वर्तुळं मला आता झोपेतही काढता येतील. हे सगळं घरी बसून वाचता येतं, त्यासाठी मिरजेपर्यंत एसटी करायची गरज नाही.

गरज आहे ती कागदांच्या खेळासाठी. मला विचाराल तर साडेतीन हजारांतले तीन हजार या एका दुपारचे.

आम्हाला खात्यानुसार वेगवेगळ्या टेबलांवर बसवलं आणि प्रत्येक टेबलाला एकेक चिठ्ठी दिली. पशुवैद्यकांच्या चिठ्ठीवर : गाय सातव्या महिन्यात गाभडली (गर्भ पडला), जार म्हणजे वार आत अडकलीय, त्याच गोठ्यात महिन्याभरातलं हे दुसरं. आरोग्यवाल्यांच्या चिठ्ठीवर : बेचाळीस वर्षांचा शेतकरी, तीन आठवडे संध्याकाळी ताप, रात्री घाम, कंबर धरलेली, विडाल (टायफॉइडची रक्तचाचणी) करून टायफॉइडची औषधं झाली, उतार नाही. डेअरीवाल्याच्या हातात नुसता दुधाच्या संकलनाचा उतारा. चिठ्ठी एकमेकांना दाखवायची नाही, फक्त प्रश्न विचारायचे. एका घरातली गोष्ट आहे हेसुद्धा सांगितलेलं नव्हतं.

एमओंचं मलेरिया, टीबी, डेंग्यू सगळं तपासून झालं. खोकला विचारला, लघवी विचारली, दारू विचारली. घरी जनावरं आहेत का, हा प्रश्न काही येईना. इकडं पशुवैद्यांचं टेबल गाईच्या वंशावळीत शिरलेलं. शेवटी डेअरीवाला गडी उठला आणि त्यानं विचारलं, “साहेब, त्या गोठ्यात जार ओढतंय कोण?” सभागृह हसलं आणि मग एकदम गप्प झालं. जार ओढणारा आणि ताप असलेला माणूस एकच होता. ब्रुसेला : जनावर गाभडवणारा आणि त्याच्याकडून माणसाला लागणारा जंतू.

प्रशिक्षकांना इथं पूर्ण गुण. त्यांनी उत्तर लगेच सांगितलं नाही, आम्हालाच मागं जायला लावलं. जंतू सगळ्यात जास्त कुठं असतात? गाभडलेल्या गर्भात, जारेत आणि त्यासोबतच्या पाण्यात. आणि आपल्याकडं जार काढली जाते ती उघड्या हातानं, बोटावर खुरप्याची जखम असली तरी. हातमोजे असतात ते कपाटात. दूध उकळलं की जंतू मरतो, पण पहाटे धार काढता काढता पेलाभर धारोष्ण दूध पिण्याची ज्यांना सवय आहे त्यांचं काय, हा प्रश्न डेअरीवाल्यानंच काढला. माणसाचा उपचार साधारण सहा आठवडे दोन औषधं एकदम घेण्याचा. ताप उतरला म्हणून मधेच सोडला की आजार उलटतो. एमओ म्हणाले, पेशंटला सहा आठवडे गोळ्या घ्यायला लावणं हीच खरी लढाई.

लसीचाही विषय निघाला. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि रेडकांना, फक्त मादींना, आयुष्यात एकदाच ही लस टोचतात. लस जिवंत जंतूंची आहे. उसळ्या मारणारी कालवड, दोरी धरणारा कंटाळलेला आणि हातात सुई, असं चित्र असतं. ती सुई टोचणाऱ्याच्या बोटात गेली तर त्यालाही आजार होऊ शकतो. हे वाक्य दोन्ही एमओंनी वहीत लिहून घेतलं. सुई लागलेला पशुधन पर्यवेक्षक प्राथमिक आरोग्य केंद्रात आला तर त्याला नुसतं धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवायचं नाही, एवढं दोन केंद्रांत तरी आता कळलंय.

लॅबचं सत्र ठरलेल्या व्याख्यात्यापेक्षा बॅचमधल्या ताईंनीच चांगलं घेतलं. ‘रोज बेंगाल’ नावाची ब्रुसेलाची चाचणी : पांढऱ्या टाइलवर सीरमचा (रक्त साकळल्यावर वर राहणाऱ्या पाण्याचा) एक थेंब, गुलाबी अँटिजेनचा (रंगवलेल्या मेलेल्या जंतूंचा) एक थेंब, काडीनं मिसळायचं आणि टाइल हलवत राहायचं. चार मिनिटांत दाणे धरले तर पॉझिटिव्ह. चार म्हणजे चारच. थेंब वाळायला लागल्यावर कशातही दाणे दिसतात, असं त्या तीनदा म्हणाल्या. माणसाच्या आणि गाईच्या रक्ताला चाचणी हीच चालते, हे कळल्यावर दोन्ही टेबलांची खुर्च्यांची सरकासरक बघण्यासारखी होती. अर्थात यात पॉझिटिव्ह आलं की पुढची खात्री मोठ्या लॅबमधूनच करायची.

आता नाराजी. जाहिरातीत तीन आरोग्यं होती, त्यातलं तिसरं पातळ निघालं. पर्यावरणाचं सत्र म्हणजे गिधाडं. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचलेलं जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, त्यांची मूत्रपिंडं गेली, २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. पशुवैद्यकीय वर्तुळात हे ऐकून आमचे कान किटलेत. त्याऐवजी गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम कधीपासून वापरतोय आम्ही. नवीन काय होतं तर माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वळवल्या जात होत्या म्हणून २०१५ मध्ये ती बाटली ३ मिलिलिटरची करावी लागली, एवढंच. कृष्णेच्या काठावर वर्ग, पण पाण्याचा नमुना बाटलीत कसा भरायचा हे कुणी दाखवलं नाही. पोल्ट्रीच्या खाद्यातली अँटिबायोटिक, त्या खताचं शेतात काय होतं, यावर एक स्लाइड आणि कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर जनावरांसाठी २०१९ मध्ये बंदी आली हे एक वाक्य.

आणि वनरक्षक तिथंच बसलेले होते! चांदोलीच्या जंगलात वर्षानुवर्षं पायी फिरलेला माणूस. माकडतापाचा विषय निघाला. १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा आजार पुढं आपल्या सिंधुदुर्गातही आला. माकडं मरायला लागणं ही त्याची पहिली खूण, गोचिडांमधून माणसाला लागण. त्यावर वनरक्षकांनी साधा प्रश्न केला : “मला जंगलात मेलेलं माकड दिसलं, तर मी फोन कुणाला लावायचा?” व्याख्याते म्हणाले, आपल्या वरिष्ठांना कळवा. वनरक्षक हसले. “वरिष्ठांना कळवतोच की. ते पुढं कुणाला कळवतात?” उत्तर आलं नाही, चहा आला. (चहाबरोबर भडंग उत्तम होतं, ते मान्य.)

माझ्या मते या प्रशिक्षणाचा सगळा जीव त्या प्रश्नात होता आणि तो पाच मिनिटांत सोडून दिला. माझ्या मोबाइलमध्ये भारत पशुधन ॲप आहे, गाईच्या कानातल्या बिल्ल्यावरचे बारा आकडे टाकले की लसीकरण दिसतं. आरोग्यवाल्यांचं आयएचआयपी हे रोगांच्या नोंदींचं पोर्टल वेगळं, तिथं तापाचे पेशंट भरले जातात. त्यांच्यातलं मला दिसत नाही आणि माझ्यातलं त्यांना दिसत नाही. वनरक्षकांकडं तर वहीच. यावर आयोजकांनी काही करावं अशी अपेक्षा नाही, त्यांच्या हातात ते नाही. पण तालुक्याचे फोन नंबर असलेला एक कागद तरी द्यायचा. तो आम्हीच जेवणाच्या सुट्टीत केला, व्हॉट्सॲपचा ग्रुपही केला.

बातमीदारांशी कसं बोलावं हे सत्र मात्र अनपेक्षितपणे चांगलं होतं, कारण उदाहरण शेजारचंच घेतलं. पुण्याच्या एनआयव्हीनं (राष्ट्रीय विषाणू संस्थेनं) मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले आणि २०२१ मध्ये निपाह या जीवघेण्या विषाणूच्या खुणा सापडल्याचं प्रसिद्ध झालं. महाबळेश्वरात निपाह, अशी बातमी फिरली आणि लॉजवाल्यांचे फोन वाजायला लागले. वटवाघळात अँटिबॉडी (विषाणूशी लढायला शरीरानं केलेली प्रथिनं) सापडणं म्हणजे त्याचा विषाणूशी संबंध आलेला असणं. गावात साथ आली असा त्याचा अर्थ नव्हे. आम्हाला हेच चार वाक्यांत, सरपंचाला समजेल असं सांगायला लावलं. कुणालाच पहिल्या दमात जमलं नाही. वटवाघळं मारायची का, या प्रश्नाला तर तयार उत्तर हवंच : नाही. गुहेत जायचं नाही, अर्धवट खाल्लेलं फळ खायचं नाही, आणि त्यांना त्रास द्यायचा नाही.

शेवटचा दिवस पुराचा. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, त्यामुळं सांगलीकरांना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. पाणी ओसरलंय, मेलेली जनावरं पडलीत, विहिरी गढूळ, लेप्टोची (उंदीर-जनावरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती, असा प्रसंग देऊन एकाच गावाचा नकाशा तीन गटांना दिला. पशुसंवर्धनानं खड्ड्याची जागा ठरवली, चुना किती ते लिहिलं. आरोग्यानं टँकर कुठल्या विहिरीतून भरायचा ते ठरवलं. नकाशे एकावर एक ठेवले तर खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला! मग जेसीबी कोण देणार यावर गाडी अडली. जेसीबी ग्रामपंचायतीकडून येतो आणि बॅचमध्ये ग्रामपंचायतीचं कुणीच नव्हतं.

एक गोष्ट खटकली ती सांगतो. रेबीजवर चांगली माहिती दिली : जखम साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची, मिरचीपूड-चुना भरायचा नाही, रक्त येईल अशा चाव्याला लसीबरोबर रेबीजविरोधी सीरमही. पण कुत्र्यांच्या तोंडात हात घालणाऱ्या किती जणांनी स्वतः आधीच लस घेतलीय, हे त्यांनी विचारलं नाही. एका खासगी पशुवैद्यांनी विचारलं. वर आलेले हात मोजायला एक हात पुरला. सभागृहात दोन एमओ बसलेले असताना तिथंच व्यवस्था करता आली असती.

जाऊ की नको? पशुवैद्यकीय किंवा आरोग्य खात्यात गावपातळीवर काम करत असाल तर जा. जिल्ह्याच्या कचेरीत बसून फायली बघणाऱ्यांना यातून फार काही मिळेल असं वाटत नाही, खरं तर त्यांनाच आधी पाठवायला हवं. फोन करून वेळापत्रक विचारू नका, बॅचमध्ये कोण कोण आहे ते विचारा. सगळे पशुवैद्य असतील तर पुढच्या बॅचला थांबा, तो कागदांचा खेळ एकाच खात्याच्या माणसांत रंगणार नाही. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी दोन जागा ठेवा म्हणून मी सांगितलंय, बघू म्हणालेत. गोठ्याच्या दिवशी गमबूट आपले न्या, त्यांच्याकडचे सगळे नऊ नंबरचे आहेत.